लेबलावर पितळ

डबेकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस कॉलेजात उरलं नव्हतं. पगारपत्रकावर त्यांचं नाव होतं म्हणे, पण ते वाचायला जाणार कोण? भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांची एकतीस वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात त्यांनी जगाची सरळ दोन भागांत वाटणी करून टाकली होती: डब्यात असलेल्या वस्तू आणि डब्यात जायच्या राहिलेल्या वस्तू. बिस्किटांचे, पावडरीचे, रंगाचे, कुठल्या कुठल्या औषधांचे पत्र्याचे डबे भिंतभर मांडलेले. एकूण दोनशे चौदा. प्रत्येकावर पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर काळ्या शाईतलं ठसठशीत अक्षर. ‘भिंगं, चांगली.’ ‘भिंगं, टवका उडालेली.’ ‘तारा, लांब.’ ‘तारा, आखूड.’ ‘तारा, कशाच्याच कामाच्या नसलेल्या.’

दर वर्षाच्या शेवटी सामानाची मोजणी होऊन एका जाड वहीत नोंद व्हायची. कचेरीत त्या जाड वहीला डेडस्टॉक रजिस्टर म्हणत. तपासायला येणारी माणसं दारात उभी राहायची, भिंतीवरून नजर फिरवायची, म्हणायची, “व्वा! याला म्हणतात शिस्त!” आणि चहा पिऊन सही ठोकायची. डबा उघडून दाखवा, असं एकतीस वर्षांत कुणीही म्हणालं नाही. इतक्या सुबक अक्षरावर संशय घेणं माणसाला शोभतं का?

घरी मात्र या शिस्तीला कुणी विचारत नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. बायकोनं त्या निमूट लावू दिल्या आणि मग ‘साखर’मध्ये मीठ, ‘मीठ’मध्ये बटणं, ‘बटणं’मध्ये लवंगा असा आपला संसार थाटला. काकांनी दहा वर्षांपूर्वी एकदा खारट चहा पिऊन तक्रार केली, तेव्हा ती म्हणाली, “अहो, डब्यात बोट घालून चाटून बघायला काय होतं? चिठ्ठी काय, कुणीही लिहील.”

काकांना ते फार लागलं होतं. का लागलं, हे सांगायला मात्र आधी तो प्रयोग सांगावा लागेल.

पहिल्या वर्षाचा सातवा प्रयोग. निरनिराळ्या पदार्थांचा चुंबकीय क्षेत्रावर होणारा परिणाम. प्रयोग सोपा आहे. लाकडी फळीच्या एका टोकाला चुंबक, दुसऱ्या टोकाला होकायंत्र. चुंबकामुळे सूची चाळीस अंशांवर जाऊन उभी राहते. मधे एक खाच आहे. तिच्यात एकेका पदार्थाची पट्टी घट्ट बसवायची आणि सूची हलते का ते बघायचं. लाकूड, काच, पुठ्ठा, तांबं, ॲल्युमिनियम, पितळ यांतली कुठलीही पट्टी घातली तरी सूची ढिम्म. लोखंडाची घातली की चुंबकाचा जोर वाटेत अडतो, आणि सूची बाविसावर येते. झाला प्रयोग.

हा झाला पुस्तकातला. कॉलेजातला प्रयोग असा व्हायचा: मुलं आदल्या दिवशी वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी जर्नल मिळवायची आणि सगळे आकडे उतरवून काढायची. वरच्या वर्गातल्यानं ते त्याच्या वरच्याकडून उतरवलेलं असायचं. असं वर वर चढत गेलं तर चौदा वर्षांपूर्वीच्या कुण्या एका मुलापाशी पोचता आलं असतं. त्यानं पितळेपुढे ‘साडेएकोणचाळीस’ लिहिलं होतं. होकायंत्रावर दर दोन अंशांना एक रेघ. त्यात साडेएकोणचाळीस त्याला दिसले कुठून हे त्याचं त्याला ठाऊक. पण चौदा वर्षं प्रत्येक जर्नलात पितळेला साडेएकोणचाळीसच! प्रॅक्टिकलच्या तासाला मुलं फळीभोवती कोंडाळं करून गप्पा हाणायची. सर कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. तास संपला की सर आकडे बघायचे, मान डोलवायचे आणि तांबड्या शाईची सही करायचे. डबेकाका पट्ट्या पुसून डब्यात ठेवायचे. कुणाला कुणाचा त्रास नाही. सूचीला तर मुळीच नाही.

या स्वर्गात डावखुरी आली.

ती दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजातून वर्षाच्या मधेच बदलून आलेली. डाव्या हातानं लिहायची, म्हणून सगळे तिला डावखुरी म्हणत. ओळखपाळख नव्हती, म्हणून तिला कुणी जर्नल दिलं नाही. आणि जर्नल नाही म्हटल्यावर त्या बिचारीपुढे प्रयोग करून बघण्यावाचून मार्गच राहिला नाही.

तिनं केला. लाकूड चाळीस, काच चाळीस, पुठ्ठा, तांबं, ॲल्युमिनियम चाळीस, लोखंड बावीस. आणि पितळही बावीस.

ती काकांच्या टेबलापाशी आली. “काका, पितळ चुंबकाला चिकटतं?”

काकांचा हात चिठ्ठी चिकटवता चिकटवता थांबला. “पुस्तकात काय लिहिलंय?”

“नाही चिकटत.”

“मग नाही चिकटत.”

“पण हे चिकटलं. खाचेतून काढून चुंबकाजवळ नेलं, तर टक् आवाज झाला.”

“टक् आवाज कशाचाही होतो,” काका म्हणाले. “आणि तुला पट्टी खाचेतून काढायला कुणी सांगितलं?”

मुलगी सरांकडे गेली. सरांनी मोबाइल पालथा ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “बावीस? पितळेला? बाईगं, इथे सहाशे मुलं प्रयोग करून गेली. सहाशे मुलं वेडी आणि तू एकटी शहाणी? पुन्हा कर.”

तिनं पुन्हा केला. बावीस. तिसऱ्यांदा होकायंत्र बदलून केला. बावीस. चौथ्यांदा चुंबकाची टोकं उलटी करून केला. सूची उलट्या बाजूला गेली आणि तिकडेही बाविसावरच थांबली.

“सर, मी चाळीस कसं लिहू? दिसत नाहीये.”

“दिसत नाहीये म्हणजे तुझं बघणं चुकतंय,” सर म्हणाले, आणि तिच्या जर्नलावर तांबड्या शाईनं आडवा शेरा मारला: ‘निरीक्षणात हलगर्जीपणा. सही नाही.’

सही नाही म्हणजे जर्नल पुरं नाही. जर्नल पुरं नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. जर्नलं जमा करायचा शेवटचा दिवस शुक्रवार होता, आणि हे घडलं सोमवारी.

त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. कारण डब्यात काय आहे हे त्यांना अकरा वर्षांपासून माहीत होतं. त्यांनीच ते कापलं होतं, त्यांनीच रंगवलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी मोठे सर विभागप्रमुख होते. मोठे कशानं, तर आवाजानं. एके सकाळी त्यांना शोध लागला की शेजारच्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी दारावर पितळी पाटी लावलीय. “आणि आपल्या दारावर पुठ्ठा?” ते गरजले. “डबेकाका, उद्या माझ्या दारावर पितळ पाहिजे.”

“सर, मागणीचा अर्ज करावा लागेल. मंजुरीला दीड-दोन वर्षं…”

“अर्ज? माझ्या दारासाठी मीच माझ्याकडे अर्ज करू? तुमच्या एवढ्या डब्यांत पितळेचा एक तुकडा नाही?”

होता. सातव्या प्रयोगाच्या डब्यात होता. वीतभर लांब, चार बोटं रुंद, अस्सल. दुसऱ्या दिवशी त्यावर ‘विभागप्रमुख’ अशी अक्षरं कोरली गेली आणि चार स्क्रूंनी तो दारावर बसला. नाव कोरलं नव्हतं, त्यामुळे मोठे सर गेले तरी पाटी राहिली. नंतरच्यांनाही ती चालली. पाटीला काय, आत कोण बसलंय याच्याशी घेणंदेणं नसतं.

इकडे डबा रिकामा, आणि दोन दिवसांवर मोजणी. रिकाम्या डब्यावर ‘पितळ’ अशी चिठ्ठी ठेवायची हे काकांच्या जिवाला मानवेना. जुन्या कपाटाच्या पत्र्याचा त्यांनी तेवढाच तुकडा कापला, कानशीनं कडा घासल्या आणि खेळाच्या करंडकांना द्यायचा सोनेरी रंग उरला होता तो दिला. दोन हात. मनाशी म्हणाले, तात्पुरतं आहे. जगात तात्पुरत्याइतकं टिकाऊ काही नसतं. अकरा वर्षांत रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही.

आणि आता पुढच्याच महिन्यात काका निवृत्त होणार होते. सभागृहात सत्कार ठरला होता. मानपत्राचा मजकूरही तयार होता, आताच्या विभागप्रमुख मॅडमनी वाचून दाखवला होता: ‘एकतीस वर्षांत ज्यांच्या ताब्यातील एकही वस्तू गहाळ झाली नाही.’ काकांनी तो कागद दोनदा मागून घेऊन वाचला होता.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी बायकोपाशी तोंड उघडलं. ती शेंगा सोलत बसली होती. सगळं ऐकून घेतलं, एक शेंग सोलून संपवली, मग म्हणाली, “लोकांचं पितळ उघडं पडतं. तुमचं लोखंड पडणार.”

“थट्टा सुचतेय तुला.”

“मग काय रडू? पोरगी कोणाची आहे?”

“असेल कुणाची तरी.”

“तिची आई आत्ता तिला म्हणत असेल, नीट बघ गं जरा. तुझंच काहीतरी चुकत असेल. आणि हिचं काही चुकलेलं नाही हे सगळ्या गावात फक्त तुम्हाला ठाऊक.”

“सत्कार आहे माझा,” काका हळूच म्हणाले.

“आहे ना. शाल मिळेल. तुम्हाला उकडतं शालीत.”

काका उठून बाहेर गेले. बुधवारी त्यांनी काहीच केलं नाही. म्हणजे, तारांचे तिन्ही डबे रिकामे करून पुन्हा भरले.

गुरुवारी दुपारी ते विभागप्रमुखांच्या केबिनवरून जात होते. दार अर्धवट उघडं. आत मॅडम, सर आणि डावखुरी. मॅडम समजुतीच्या सुरात बोलत होत्या. “हे बघ, चाळीस लिहून टाक. एका आकड्यासाठी वर्ष घालवू नये माणसानं. पुढे नोकरीत किती आकडे लिहावे लागतात! सवय कर.”

“मॅडम, आकडा मी लिहीनही,” मुलगी म्हणाली. “पण सरांनी हलगर्जीपणा लिहिलंय. मी हलगर्जीपणा नाही केला. मी चार वेळा केलं.”

काका पुढे गेले नाहीत. मागे वळले, प्रयोगशाळेत गेले, ‘पेचकस, मधले’ असा डबा उघडला आणि परत आले. केबिनच्या दाराशी उभं राहून त्यांनी पाटीचा पहिला स्क्रू फिरवायला सुरुवात केली.

करकर आवाजानं मॅडमनी मान वर केली. “काका, हे काय चाललंय?”

“दोन मिनिटं मॅडम. पट्टी हवीय. प्रयोगाला.”

“अहो, ती माझी पाटी आहे!”

“तुमच्याआधी प्रयोगाची होती.”

तीन स्क्रू सरळ निघाले. चौथ्याची खाच झिजली होती, तो हट्टाला पेटला. चौघंही त्या स्क्रूकडे बघत राहिले. शेवटी तोही निघाला. दारावर पाटीएवढा स्वच्छ चौकोन उरला. बाकीच्या दारावर किती धूळ होती ते तेव्हा कळलं.

वरात प्रयोगशाळेत गेली. काकांनी फळी मांडली, चुंबक ठेवला, होकायंत्र ठेवलं, हलकी टिचकी मारली. सूची डुलत डुलत चाळिसावर स्थिरावली. मग त्यांनी दारावरची पाटी खाचेत घातली. सूची हलली नाही.

“सर, वाचा,” काका म्हणाले.

सर वाकले. नोकरीला लागल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. “चाळीस,” ते पुटपुटले.

डावखुरीनं सवयीनं पेन काढलं होतं. पाटीवरची अक्षरं बघून ती अगदी भाबडेपणानं म्हणाली, “मॅडम, असं लिहू का? विभागप्रमुख मधे आल्या तरी काही परिणाम नाही.”

सरांना खोकला आला. मॅडमनी त्यांच्याकडे असं बघितलं की तो जागीच थांबला.

काकांनी पाटी काढून डब्यातली सोनेरी पट्टी घातली. सूची सरसर मागे येऊन बाविसावर उभी राहिली. काकांनी खिशातल्या चाकूनं पट्टीचा कोपरा खरवडला. खाली काळं, गंजायला टपलेलं लोखंड दिसलं.

“अकरा वर्षं झाली,” ते म्हणाले. “माझं काम आहे हे. पोरीचं बघणं बरोबर होतं.”

मुलीला बाहेर थांबायला सांगून केबिनमध्ये बैठक भरली. दार लावून घेतलं. मॅडम म्हणाल्या, “काका, तुम्ही काय केलंत कळतंय का? अकरा वर्षं सहाशे मुलांनी पितळेला साडेएकोणचाळीस लिहिलं. या पट्टीनं ते येणं शक्य नाही. म्हणजे सहाशे मुलांनी जे दिसत नव्हतं ते लिहिलं…”

“आणि आम्ही ते तपासलं,” सर घाईघाईनं म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना मागाहून कळलं.

“उद्या विद्यापीठाला कळलं तर? सहाशे निकाल परत घ्यायचे?” मॅडम पुढे झुकल्या. आवाज मऊ केला. “यातून साधा मार्ग आहे. पितळ डब्यात गेलं, मुलगी पुन्हा प्रयोग करेल, चाळीस येईल, सर सही करतील. परीक्षा वाचली. तुम्ही नेहमीप्रमाणे सामानाच्या वहीत ‘पितळी पट्टी, एक, आढळली’ अशी सही करा. खोटंही नाही ते. आता आढळलीच आहे. सत्कार ठरल्याप्रमाणे.”

“आणि तो शेरा?”

“कुठला?”

“हलगर्जीपणाचा.”

मॅडमनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, “शेरा खोडायचा तर कारण लिहावं लागतं. काय कारण लिहू? तिची चूक नव्हती म्हटलं, तर मग कुणाची होती ते आलं.”

“राहू दे ना एक शेरा,” मॅडम म्हणाल्या. “दहापैकी दोन-तीन गुण जातील. लहान आहे. पोरं विसरतात.”

खरं सांगायचं तर मार्ग काकांना पसंत होता. सगळं जागच्या जागी जात होतं: पितळ डब्यात, पोरगी परीक्षेत, शाल खांद्यावर. फक्त एकच गोष्ट चुकीच्या डब्यात पडत होती. त्यांचा हलगर्जीपणा त्या पोरीच्या जर्नलात जाऊन बसत होता, तिच्या नावाची चिठ्ठी लावून.

“वही द्या,” ते म्हणाले.

मॅडमनी सुस्कारा सोडून जाड वही पुढे सरकवली, स्वतःचं पेनही दिलं. काकांनी सातव्या प्रयोगाचं पान काढलं आणि आपल्या त्याच ठसठशीत अक्षरात, घाई न करता लिहिलं: ‘पितळी पट्टी, एक. अकरा वर्षं विभागप्रमुखांच्या दारावर होती, आज काढली. डब्यात ठेवलेली पट्टी लोखंडाची, रंग सोनेरी, मी स्वतः दिलेला. या पट्टीवर विद्यार्थिनीनं चार वेळा घेतलेलं बावीस अंशांचं निरीक्षण बरोबर आहे.’ खाली सही, तारीख. वहीची पानं आकडे घातलेली आणि शिक्के मारलेली होती. फाडता येत नव्हती.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. “काका,” त्या म्हणाल्या, “अक्षर एवढं स्वच्छ नसतं तर निदान वाचता आलं नाही असं तरी म्हणता आलं असतं.”

शुक्रवारी शेरा खोडला गेला. कारण म्हणून सरांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘साहित्यातील दोष’, आणि सही केली. विद्यापीठाला कुणी काही कळवलं नाही. सहाशे मुलं पास झाली होती ती पासच राहिली. मात्र पुढच्या सोमवारी सूचनाफलकावर नोटीस लागली: सभागृह उपलब्ध नसल्यानं डबेकाकांचा सत्कार अनिश्चित काळासाठी पुढे ढकलण्यात येत आहे. सभागृह नोटिशीच्या समोरच होतं. त्याचं दार उघडं होतं आणि आत एक मांजर खुर्चीवर झोपलं होतं.

पण गंमत पुढेच आहे. वहीत अशी नोंद पडल्यावर नियम जागा झाला. एका डब्यात खोट निघाली, तर निवृत्तीआधी प्रत्येक डबा उघडून तपासणं आलं. ते काम सरांच्या गळ्यात पडलं. सर स्टुलावर चढून डबा काढत, चिठ्ठी मोठ्यानं वाचत, झाकण उघडत, आतल्या वस्तू टेबलावर मांडून मोजत. काका समोर हात बांधून उभे. एकतीस वर्षं ज्या भिंतीच्या जिवावर ते ताठ चालले ती भिंत एकेक वीट करून उतरवली जात होती. आणि कुठे आपणच काही विसरलो असू तर?

“तारा, लांब,” सर वाचत. “मोजा.”

“बावीस.”

“वहीत बावीस. तारा, आखूड.”

“सत्तावन्न.”

“सत्तावन्न. तारा, कशाच्याच कामाच्या नसलेल्या…” सरांनी एक तार उचलून वाकवून पाहिली. “काका, ही तर चांगली आहे की.”

“सर, आतून तुटलीय. दिवा लावून बघा.”

सरांनी दिवा लावून पाहिला. लागला नाही. त्यानंतर मात्र सरांना या कामाची गोडी लागली. मोबाइल दिवसच्या दिवस खिशात राहू लागला. चौथ्या दिवशी ते भिंगातून खिडकीबाहेर बघत पंधरा मिनिटं उभे होते. डावखुरी परीक्षेचा सराव करायला यायची, तीही मोजायला बसू लागली. प्रत्येक वस्तूवर आधी चुंबक लावून बघायची. काकांनी तिला एकदाही हटकलं नाही.

नवव्या दिवशी शेवटचा डबा झाला. सरांनी वहीत बेरीज मांडली, पुन्हा एकदा पडताळली आणि वही काकांपुढे फिरवली. ‘एकूण डबे दोनशे चौदा. प्रत्यक्ष उघडून तपासले दोनशे चौदा. चिठ्ठीप्रमाणे आढळले दोनशे तेरा.’

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ वाचली. इतक्या वर्षांत त्या वहीत त्यांच्याबद्दल पुष्कळ चांगलं लिहून झालं होतं, पण डबा उघडून लिहिलेलं हे पहिलंच होतं.

“सर,” ते म्हणाले, “‘प्रत्यक्ष उघडून’ याच्याखाली रेघ मारता येईल का?”

सरांनी पट्टी घेतली आणि सरळ रेघ मारली.